राजाचं नाव नसलेला पैसा

आमचा लवूदादा घाटकोपरला चाळीत राहायचा, विक्रोळीला कंपनीत कामाला. दारू नाही, पत्ते नाहीत, एकच नाद. तोच त्याला घेऊन गेला. रविवारी कुर्ल्याला सीताराम भंगारवाल्याकडे बसायचा आणि तांब्याच्या ढिगातून विलायतेचे दोनशे वर्षांपूर्वीचे पैसे शोधायचा. कंपनीतल्या एका साहेबानं सांगितलेलं, तेव्हा तिकडं सुट्टे मिळत नव्हते, म्हणून लोकांनी राजाच्या पैशासारखे पैसे पाडले. तोंड राजासारखं, अक्षरं मुद्दाम वेगळी, म्हणजे राजाचं नाव नाही तर कायद्यानं ते खोटं नाणं ठरत नाही. साहेबानं राजाच्या नावाची खरी अक्षरं कागदावर लिहून दिली. दादाला इंग्रजी येत नव्हतं, एकेक अक्षर लावून बघायचा. जुळलं तर पैसा परत ढिगात. नाही जुळलं तर खिशात.

सुगंधावैनी एकदा नळावर हसत बोलली, "लोका खरे पैशे घरात आणतत, आमचो घो खोटे आणता."

शेजारच्या नंदकुमारनं तेवढंच धरलं. दादा जिन्यात दिसला की विचारायचा, आज किती पाडले? मस्करीच होती. पण चाळभर पसरली आणि महिन्याभरात हवालदार येऊन चौकशी करून गेला, इथं खोटी नाणी कोण पाडतो म्हणून. दादा तेव्हापासून पैसे घासायला बसला की दार-खिडकी लावून घ्यायचा. वैनीला ते खपायचं नाही, पण ‘खोटे’ हा शब्द मूळ तिचाच.

चौऱ्यांशी साली एक पैसा मिळाला, काळाठिक्कर. दोन दिवस चिंचेनं घासला, अक्षर दिसेना. मग मुलामा देणाऱ्याकडून तेजाबाची बाटली आणली, पैसा त्या ॲसिडात टाकायला. होळीची सुट्टी. वैनी चक्कीवर गेलेली. परत आली तर दार बंद आणि फटीतून तपकिरी धूर. किती ठोकलं तेव्हा त्यानं उघडलं. डोळे लाल, खोकत होता. ती खिडकीकडे धावली तर हात धरला.

"गप रव. नंदू भायर बसलो हा."

पैसा मात्र लखलखीत झालेला. पुरणपोळ्या पण खाल्ल्या त्यानं दोन. वैनीला वाटलं, निभावलं. दिवेलागणीला त्याला श्वास पुरेना, ओठ निळे पडले. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, या धुराचं असंच असतं, माणूस चांगला दिसतो आणि आत छातीत पाणी भरत जातं. सकाळी दादा गेला.

तेराव्याला नंदकुमार आला, खाली मान घालून बसला. वैनीनं तो पैसा आणि साहेबाचा कागद त्याच्या हातात दिला.

"तू शिकलेलो ना? वाच."

त्यानं अक्षरं लावून बघितली. परत बघितली.

"राजाचं नाव नाय यात, वैनी."

"मगे खोटो कसो?" ती म्हणाली. "मीच बोललंय ना नळार. मीच."