मीटरवरचा आकडा

यांच्या ड्रिलची बॅटरी हॉस्पिटलच्या महिन्यांत पडून पडून मेली. मॉडेल जुनं, नवी कुठे मिळेना. शेवटी मीच दोन बस बदलून जुन्या हत्यारांच्या दुकानातून वापरलेली बॅटरी आणली. दुकानदार म्हणाला, "अम्मा, संध्याकाळपर्यंत बघून सांगा, नाही पटली तर परत घेईन."

यांची सगळी नोकरी इथे तमिळ मुलखातल्या संरक्षण कारखान्यात फिटर म्हणून गेली. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात जरा हलायला लागला, तेव्हापासून एकच धोशा: बाथरूममध्ये धरायला दांडी हवी ना, ती मीच बसवणार. कुणाला तरी बोलावू म्हटलं की अंगावर यायचे.

घरी आणल्यावर बटण दाबलं, तर बॅटरीवरचे चार्ज दाखवणारे सगळे दिवे लागले. मी म्हटलं, "झालं, चांगली आहे."

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं," हे म्हणाले. "नुसत्या बसलेल्या बॅटऱ्या सगळ्याच छान दिसतात. ताण पडला की कळतं."

मग माझ्याकडून तिला दोन बारीक वायरी लावून घेतल्या आणि व्होल्टेजच्या मीटरला जोडायला लावल्या. स्क्रू लाकडाच्या तुकड्यात शिरताना आकडा धाडकन पडला तर बॅटरी कामातून गेली. टिकला तर चांगली. मीटर माझ्या हातात, ड्रिल यांच्या उजव्या हातात, यांचे डोळे स्क्रूवर.

ड्रिल घुरघुरलं, स्क्रू जेमतेम फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबला.

"गेलेलीच आहे मेली!" हे म्हणाले. खरं सांगते, चेहऱ्यावर आनंद होता. "किती पडला आकडा?"

आकडा जागचा हलला नव्हता. हलेल कसा? यांच्या बोटाने ड्रिलचं बटण अर्धंसुद्धा दाबलं जात नव्हतं, मला दिसत होतं ना समोर.

देवा रे! जन्मभर या माणसाशी मी खऱ्याखोट्यावरून भांडले. आज नुसतं "पडला" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ही बॅटरी परत गेली असती, दुसरी आली असती, मग तिसरी, आणि दोष कायम बॅटरीचाच राहिला असता. जिभेवर आलंही होतं. पण विचारत होता तो फिटर होता. त्याला खोटा आकडा सांगायचा कसा?

"पडला नाही हो," मी म्हटलं. "जरासुद्धा नाही."

खाली भाजीवाल्याच्या गाडीवरची टेप तमिळमध्ये टोमॅटो, कांदे ओरडत गेली. यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून ड्रिलवरून सोडवली. मला रडू आलं, मी लपवलंही नाही.

"रडतेस काय?" हे म्हणाले. "बॅटरी उत्तम आहे. त्या माणसाला फोन कर, ठेवली म्हणून सांग."

मग ड्रिल माझ्याकडे सरकवलं.

"आणि हे धर. आता तू दाब."