बाटलीतली म्हैस

कालिंदीची म्हैस बाटलीत राहायची. म्हणजे तिची थोरली बहीण, अक्का, तसं म्हणायची.

कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत, खिडकी नसलेल्या खोलीत, इनक्युबेटरच्या उबेत चपट्या बाटल्या असत. स्तनाच्या कॅन्सरनं केव्हाच गेलेल्या कुणा परदेशी बाईच्या पेशी त्यांत अजून वाढत होत्या. दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी बदलावं लागे, नाहीतर त्या मरत. हे काम कालिंदीशिवाय कुणाला येत नव्हतं. सणवार, लग्नकार्य सगळं त्या पाण्याला बांधलेलं. नेसरीला अक्काकडे गेली तरी जेवून हात धुतल्या धुतल्या एसटी गाठायची.

"धारंची वेळ झाली व्हय गं?" अक्का दारातून ओरडायची. "कवा आटायची तुजी म्हस?"

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात अक्कालाच स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि गाठीचा तुकडा कालिंदीच्याच टेबलावर आला. तिथं तेच काम चाले: बाटलीतल्या पेशींत दिसणारं एक प्रथिन माणसाच्या गाठीत किती दिसतं, ते शेजारी ठेवून ताडायचं. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग चढे. ते असलं तर घरी बसून गोळ्या चालत. नसलं तर महिनोन्‌महिने सलाईनमधून कडक औषधं.

अक्काला गोळ्याच हव्या होत्या. "तरवा टाकायच्या आत मला घरला सोड," तिनं बजावलं होतं. भाताचं बी तिच्याच हातानं पडायला हवं होतं.

अक्काची स्लाइड फिकी निघाली. रंग बिघडला असेल, कालिंदी मनाशी म्हणाली. तो बिघडलेला असावा म्हणून तिनं डोळे क्षणभर मिटले. मग बाटलीतल्या पेशींची स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली. पेशी गुळासारख्या दाट तपकिरी. रंग बिघडला नव्हता. तिनं नवा रंग करून पुन्हा पाहिलं. तेच. दोन वर्षं जिला जगवलं, ती म्हैसच आता पळवाटेचं दार अडवून उभी होती.

वॉर्डात अक्का केस विंचरत बसली होती.

"काय म्हनती म्हस?"

"बरी हाय."

"आन् मी?"

कालिंदीनं स्टूल जवळ ओढलं. अक्कानं फणी खाली ठेवली.

"गोळ्या न्हाईत, व्हय?"

"न्हाईत, अक्का. सलाईन. हितंच राहायला लागंल, माझ्याकडं."

"रंगच चुकला असंल की."

"दोनदा बघितलं."

"तिला चढला?"

"तिला चढला."

"मेली टवळी," अक्का म्हणाली, आणि तिला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. तिनं मोकळ्या केसांची टोकं चाचपली.

"मग माजाबी खुंटा रोव तिच्या शेजारी. तिचं झालं की माज्याकडं बघ."

कालिंदीनं फणी उचलली आणि ती अक्काच्या पाठीशी बसली. उद्या पाणी बदलायचं होतं.