अकरा पिशव्यांचं नेतृत्व

नेतृत्वगुण अंगी बाणवायचे तर टोकावड्याच्या पुढे एका रिसॉर्टवर मुक्काम करावा लागतो, हे मला नोकरीच्या चौथ्या वर्षी कळलं. मार्चअखेरच्या एका गुरुवारी आमच्या कंपनीचे आम्ही चौदा होतकरू कल्याणहून भाड्याच्या बसने निघालो. पुढच्या सीटवर शाखाप्रमुख साठे सर होते. टीम लीडरची एक जागा रिकामी होती, ती कोणाला द्यायची हे या दोन दिवसांत ठरणार होतं. मला ती जागा हवी होती, आणि बाकीच्या तेराजणांनाही. त्यामुळे बसमध्ये सगळे फार प्रेमळ वागत होते. निनादने तर आपणहून मला खिडकीची जागा दिली, तेव्हाच मी सावध झाले.

मुरबाड सुटलं तशी दोन्ही बाजूंना कापणी झालेली कोरडी भातखाचरं लागली. लांबवर माळशेजचे डोंगर उन्हात धुरकट दिसत होते. टोकावड्याच्या धाब्यावर चहाला थांबलो.

"वऱ्हाड हाय काय?" चहावाल्याने विचारलं.

"नाही, प्रशिक्षण आहे. पुढारी होण्याचं."

त्याने आमच्याकडे नीट पाहिलं. "आमच्याकडं ते शिकायला लागत नाय," म्हणत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रिसॉर्टवर भर उन्हात कोट घातलेले प्रशिक्षक वाट पाहत होते. त्यांनी आम्हाला डोळे मिटून "मी डोंगर आहे" अशी कल्पना करायला सांगितली. मला डुलकी लागली, आणि तिलाच एकाग्रता समजून त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. जेवायला पनीर, नूडल्स आणि कस्टर्ड होतं. टोकावड्यात येऊन तिथलं काही पोटात जाऊ नये याची पूर्ण काळजी घेतलेली दिसली.

खरी परीक्षा शुक्रवारी सकाळी झाली. प्रत्येकाच्या हातात काळ्या पिशव्या आल्या. शेजारची जमीन स्वच्छ करायची, जो जास्त पिशव्या भरेल तो आजचा नेता. कुंपणापलीकडच्या खाचराच्या कोपऱ्यात पालापाचोळा, काटक्या आणि शेण असं जाड पसरलेलं होतं. इतका कचरा इतक्या व्यवस्थित चौकोनात कोण कशाला पसरेल, हा प्रश्न चौदा पदवीधरांपैकी एकालाही पडला नाही. मी कंबर कसून अकरा पिशव्या भरल्या. निनादच्या आठच झाल्या. साठे सरांनी पिशव्यांसकट माझा फोटो काढला आणि लगेच मुख्य कार्यालयाला पाठवून दिला.

तेवढ्यात डोक्यावर मातीचं घमेलं घेतलेल्या एक बाई बांधावरून धावत आल्या. "माजा राब कोनी उचलला गो?"

आम्ही साफ केला तो राब होता. भाताची रोपं जिथे करायची, त्या जागेवर शेण, फांद्या आणि पातेरा (वाळका पाला) थराथराने पसरून भाजतात, म्हणजे तणाचं बी जळून जातं. त्या बाईंनी, म्हणजे काशीबाईंनी, महिनाभर डोक्यावरून भारे वाहून तो रचला होता. आज वर माती टाकून उद्या भाजायचा होता.

"औंदा रोप नाय झाला तर लावू काय? तुमच्या पिशव्या?" त्या म्हणाल्या.

प्रशिक्षक म्हणाले, "याकडे आपण शिकण्याची संधी म्हणून पाहू या." साठे सरांनी घड्याळ पाहिलं. "रिसॉर्टवाले बघून घेतील. चला, समारोपात नाव जाहीर करतो, मग लगेच बस सुटेल."

सगळे निघाले. खरं सांगते, मीही चार पावलं गेले. मागे वळून पाहिलं तर काशीबाई एका पिशवीची गाठ सोडत बसल्या होत्या. ती गाठ मी मारली होती, चांगली पक्की, आणि ती सुटत नव्हती. मला माझीच लाज वाटली.

"मावशी, मी सोडते."

"सोडशील गो. पसरील कोन?"

"मीच."

माझं पसरणं त्यांनी दोनदा मोडायला लावलं. "शेन खाली, शेन! वर फांद्या, मंग पातेरा. कालेज शिकलीस ना?"

"हो."

"मंग दिसत कसा नाय?"

मी खाली मान घालून पाला पसरत राहिले. मध्येच रस्त्यावरून आमची बस गेली. दुपारी काशीबाईंनी बांधावर बसवून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. दोन दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर जेवले. शेवटचं घमेलं ओतून झाल्यावर त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "बरा झालाय," त्या म्हणाल्या, "उद्या भाजल्यावर कळंल."

टोकावड्याहून एसटीने उभ्यानेच परतले. नखांत शेण होतं, आणि जागा हातची गेली म्हणून जीव चुटपुटत होता. तसं न वाटण्याइतकी मी थोर नाही.

सोमवारी कळलं की जागा मलाच मिळाली होती. माझा अकरा पिशव्यांचा फोटो कार्यालयाच्या भिंतीवर लागला होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "पुढाकार". त्याच पिशव्या रिकाम्या करण्यात गेलेली शुक्रवारची दुपार मात्र विनापरवानगी गैरहजेरीत धरली होती. मी पद घेतलं आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्जही भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "राब पसरत होते."

साठे सरांनी अर्ज दोनदा वाचला. "हा आपला कुठला प्रकल्प?" त्यांनी विचारलं.