चाकाचा पहिला फेरा

मढच्या फाट्यावर सावळेराम मिस्त्रीचं गॅरेज. पत्र्याची शेड, एकच जॅक आणि कायम वाकडं तोंड. गिऱ्हाईक आलं की तो विचारायचा, "कुनी वाट लावली हिची?" तरी लोक त्याच्याकडेच यायचे. त्याचा आकडा चुकत नसे.

हा आकडा जुन्या गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलचा. आत दात्यांची दोन चाकं असतात, एक मोठं, एक लहान. ती झिजली की त्याच प्रमाणाची जोडी लागते. अ‍ॅक्सल आधी उघडला तर माल येईपर्यंत गाडी अडकून पडते. म्हणून सावळेराम बाहेरूनच मोजायचा. मागचं एक चाक जॅकवर, दुसऱ्याला दगड. टायरवर खडूची रेघ, इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टवर दुसरी. कुणीतरी वरचं चाक वीसदा फिरवायचं. तो खाली पडून शाफ्टचे फेरे मोजायचा आणि दहानं भागायचा. एक चाक अडकलेलं असलं की दुसऱ्याला दुप्पट फिरावं लागतं, म्हणून विसाला दहा. पुढं अ‍ॅक्सल उघडल्यावर जुने दात मोजून खात्री करणं त्याला स्वतःचा अपमान वाटे.

चाक फिरवायला मुलगा भरत होता. तो बापाशी भांडून चाकणला कंपनीत लागला. मग पिंपरी पेंढारच्या कुंडलिकची जीप आली, तेव्हा सावळेरामला बायकोला हाक मारावी लागली. तीस वर्षं लंकाबाईनं शेडच्या उंबऱ्यात पाय ठेवला की तो खेकसत आला होता.

"चाक फिरव. वीस मोज. मोठ्यानं. आन् मधी तोंड चालवू नको."

शाफ्टचे एक्कावन्न भरले, दहानं भागून पाच पूर्णांक एक. मोठ्याला एक्केचाळीस दात, लहानाला आठ, अशी जोडी त्यानं मागवली आणि बसवली. जुनी जोडी मोजायची त्याची पद्धत नव्हतीच. ती त्यानं कुंडलिकच्या गाडीत फेकली.

पंधरा दिवसांनी कुंडलिक परत आला. कल्याणहून माणसं भरून माळशेज चढणं हा त्याचा धंदा.

"मिस्त्री, जिथं दुसऱ्या गिअरात चढायची तिथं पहिला टाकावा लागतोय. काय बसवलंय?"

"गाडी बरी हाये. डायवर बदल."

"आकडा चुकलाय तुमचा."

शेडसमोर पाचसहा जण उभे होते. पलीकडच्या चहाच्या टपरीतून दादाभाऊ बाहेर आला. त्याचं आणि सावळेरामचं आठ वर्षं बोलणं नव्हतं.

"माजा आकडा चुकला," सावळेराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तर परत पाना हातात धरनार न्हाई."

कुंडलिकनं जीपमधून पोतं काढून त्याच्या पायाशी आपटलं. आत जुनी जोडी होती. दादाभाऊ न बोलावता पुढं झाला. मोठ्या चाकाच्या एका दाताला त्यानं खडू लावला आणि बोटानं दात मोजले. चवीनं मोजले.

"त्रेचाळीस. परत मोजू का, मिस्त्री?"

"दुसऱ्याच गाडीचं असंल."

"मग मोजून दाखवा राव," कुंडलिक म्हणाला. "कसं मोजलं व्हतं, तसंच."

जीप जॅकवर चढली. लंकाबाई पदराला हात पुसत आली. सावळेराम खाली सरकला. या वेळी त्यानं शाफ्टवरच्या रेघेवरून नजर हलवली नाही.

"लाभ," लंकाबाई म्हणाली.

रेघ जागेवरच होती.

मग चाक फिरलं. "दोन."

खळ्यावर भात मापताना पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. पण तेव्हा पायली भरलेली असते. हिनं चाक हलायच्या आधीच लाभ म्हटलं होतं. म्हणजे वीस म्हणाली तेव्हा फेरे झाले होते एकोणीस. त्या दिवशी वीस पुरे झाले असते तर शाफ्टचे जवळजवळ चोपन्न भरले असते, त्रेचाळीस-आठच्या जोडीचे.

सावळेराम बाहेर आला. अंगाला माती, तोंड काळंनिळं.

"हिनं घात केला! अगं, चाक हाये ते, भात न्हाई! एक फेरा खाल्लास माजा!"

दादाभाऊ हसला. बाकीचेही हसले. लंकाबाई हसली नाही.

"मोज म्हनला. मी मोजलं."

"असं मोजतात?"

"त्या दिशीबी लाभच म्हनले व्हते. मोठ्यानं. तुमी खालीच पडला व्हता. कानात काय बोळे व्हते?"

त्यानं ऐकलं होतं. चाळीस वर्षं भाताच्या राशीवर जे ऐकत आला, तेच ऐकू आलं होतं, आणि ते त्याला खटकलं नव्हतं.

"मिस्त्री," दादाभाऊ म्हणाला, "पान्याचं काय?"

सावळेरामनं कमरेचा पाना काढला. दादाभाऊकडे फेकतो की काय असं वाटलं. त्यानं तो जीपच्या बोनेटवर ठेवला आणि घरात गेला. आतून कडी लागली.

"अहो मिस्त्री!" कुंडलिक ओरडला. "चाक वर हाये माझं! गाडी उतरवा आधी!"

कडी निघाली नाही. लंकाबाई दाराकडे गेली नाही. ती जॅकपाशी खाली बसली आणि दांडा कुठल्या बाजूला फिरतो ते बघू लागली.