भोपळ्याच्या आतला आवाज

वच्छलामावशींनी प्रांजलीला बजावलं होतं, "आईच्या फोनवरच्या आवाजावर जाऊ नको बाई. दम लागला की भिंत धरते ती. एकदा येऊन बघ." वच्छलामावशी म्हणजे रिसोडच्या माहेरची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, आणि राईचा पर्वत करण्यात त्यांचा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं. त्यात प्रांजली अकोल्याला, कुशीत दीड महिन्याची लेक ईरा; बाळंतपण करून आई नुकतीच रिसोडला परतलेली. तिनं आईला फोन लावला. आई खणखणीत आवाजात म्हणाली, "मले काय धाड भरली?" तिथंच विषय मिटला. अकराव्या दिवशी आई गेली.

त्याला वर्ष झालं. रिसोडला आता वडील, अण्णा, एकटे असतात. वच्छलामावशीही मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आहेत. आज सकाळी प्रांजलीनं अण्णांना फोन केला, तब्येत विचारली, तर अण्णा म्हणाले, "मले काय धाड भरली?" शब्द तेच आणि ठसकाही तोच. फोन त्यांनी जरा घाईनंच ठेवला. नवरा सुमेध म्हणाला, आवाज तर चांगला आहे, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. आणि तो कामावर गेला. पण घोर लागला तो लागलाच. जावं तर ईराला दातांमुळे कणकण, न जावं तर मन थाऱ्यावर नाही.

दुपारी ईराला निजवायला ती चित्रांचं पुस्तक उघडते. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट. जंगलात वाघ आडवा येतो, म्हातारी त्याला सांगते की लेकीकडे जाऊन तूप-पोळी खाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा मला. येताना लेक तिला भोपळ्यात बसवून देते. वाघ भोपळ्याला विचारतो, म्हातारी पाहिलीस का? आतून उत्तर येतं, इथं कुठली म्हातारी, आणि भोपळा टुणकन पुढं. शेवटच्या पानावर चौकटीत छापलंय, तात्पर्य : शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. बी.एड.ला असताना पाठाच्या टाचणात प्रांजलीनंही हेच लिहिलं होतं. ईरा झोपली आहे. प्रांजली ती चौकट पुन्हा वाचू लागते, पण 'युक्ती'चा य जागेवर राहत नाही, चौकटीबाहेर सरकतो, आणि खाटेच्या पायथ्याशी कोणीतरी भाजी चिरतंय.

आई आहे. विळीवर बसून भोपळा चिरतेय. हिरवं लुगडं, कपाळावर घाम. प्रांजलीला नवल वाटत नाही, फक्त वाटतं की ईराच्या इतक्या जवळ विळी नको.

"किती मार्क भेटले व त्या टाचणाले?" आई विचारते.

"दहापैकी नऊ."

"एक काहून कापला?"

तिला आठवत नाही. ते आठवायला हवं होतं असं तिला फार वाटतं. ती सांगू लागते की पुढं तिनं बरंच वाचलंय, कोणी म्हणतं भोपळा म्हणजे आईचं पोट, म्हातारी त्यातून पुन्हा जन्मते; कोणी म्हणतं वाघ म्हणजे म्हातारपण. बोलता बोलता तिला कळतं की आपण फळ्यासमोर उभ्या आहोत, हातात खडू आहे, बाकांवर कोणी नाही, आणि आई शेवटच्या बाकावर बसून बिया वेचतेय.

"तूप-पोळी राहिली," आई म्हणते. "म्हातारीले लेकीनं चारली. मले तुह्या घरी कोणी चारली? मेथीचे लाडू मीच वळले, मीच तुले चारले."

हे ती हसत म्हणते, टोमणा म्हणून. पण प्रांजलीच्या हातातला खडू ओला होतो. ती म्हणते, तू राहिली असतीस तर चारली असती. मीच म्हणाले होते राहा. आई म्हणते, सव्वा महिना झाल्यावर लेकीच्या दारात राहणं दिसते का बरं?

मग त्या बसस्थानकावर आहेत. अकोल्याचं आहे, पण फलाट मऊ आहे, पिवळा, पाय रुतताहेत, आणि छतातून भोपळ्यातल्यासारखे ओले धागे लोंबताहेत. बस लागलेली आहे. प्रांजली आईची पिशवी खिडकीतून आत ठेवते, त्या दिवशी ठेवली होती तशीच, आणि अचानक तिला गोष्टीतलं काहीतरी फार भयंकर वाटतं.

"आई, लेकीनं म्हातारीला भोपळ्यात बसवून एकटीला जंगलात का सोडलं? स्वतः सोबत का नाही गेली?"

"तिच्या कडेवर लेकरू असंल."

"मी तुला बसवलं."

"मी बसली. माहे पाय, माहा भोपळा." आई खिडकीतून हात बाहेर काढते. "तू ते सोड. मले हे सांग, म्हातारीनं आतून आवाज कोणासाठी बदलला?"

"वाघासाठी."

"बी.एड. झाली न तू?" आई म्हणते. "वाघ वासानंच ओळखते. आवाजावर फसते ते लेक."

प्रांजलीला हे कळतं आणि लगेच निसटतं. नीट लिहून घ्यायला हवं, पण खडू नाही, फळा नाही. बसही नाही. फलाटावरच्या बाकावर एक भोपळा ठेवलाय, मोठा, देठाला माती. ती वाकून कान लावते. आतून अण्णांचा आवाज येतो, खणखणीत, मले काय धाड भरली. ती हाक मारते. तेच उत्तर. पुन्हा हाक मारते, आणि दर वेळी आवाज जितका मोठा येतो तितका लांबून येतो.

"आई, यात अण्णा आहेत?"

आई बाजूला बसून प्रांजलीच्या ओढणीचं टोक हातात घेते, बोटाला गुंडाळते, त्यातून टोक ओढते. काही विसरू नये म्हणून ती पदराला गाठ मारायची, तशी.

"विळी दे ना, फोडून बघते."

"विळी कायले लागते? ठोकून पाह्य," आई म्हणते, आणि प्रांजली भोपळ्यावर मूठ आपटते, आणि ईरा रडतेय, आणि मूठ खाटेच्या लाकडी कडेवर आपटलेली आहे.

साडेतीन वाजलेत. पंखा फिरतोय. ती ईराला उचलून खांद्यावर घेते तेव्हा ओढणी ओढली जाते. तिच्या टोकाला गाठ आहे, दुहेरी, घट्ट पिळलेली. झोपेत आपणच मारली असेल, असं ती स्वतःला समजावते. ईराच्या हाताला लागली असेल. चौदा महिन्यांच्या पोरीला दुहेरी गाठ येत नाही, हेही तिला समजतं. ती सोडवायला बघते, सुटत नाही. मग बघणंच सोडून देते.

अण्णांना फोन लावते. या वेळी ती तब्येत विचारत नाही. दुपारी काय जेवलात, विचारते. अण्णा म्हणतात, जेवलो. काय? पोळी. कोणी केली? त्यांना पोळी लाटता येत नाही, हे दोघांनाही माहीत आहे. मग ते म्हणतात, "तू पोरीकडं पाह्य न व," आणि फोन ठेवतात.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं ती ईराला घेऊन निघते आहे. कणकण असो नसो. सुमेधला तसं कळवलंय. पण मध्ये आजची संध्याकाळ आहे, रात्र आहे. तुमच्यापैकी कोणी रिसोडचं असेल, किंवा आज त्या बाजूला जाणार असेल, तर तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. जुन्या पाण्याच्या टाकीमागची गल्ली, निळं फाटक, अण्णांचं नाव नामदेवराव ढोकणे. दारातून हाक मारून परत फिरू नका, ते 'मी बरा आहे' असंच म्हणतील. आत जा. बसा. चहा मागा, म्हणजे त्यांना उठावं लागेल. आणि तो होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहा.