दोघी बहिणींची कोलामी

"आदिलाबादला कुणी फिरायला जातं का?" घरच्यांनी विचारलं. पण माझी मैत्रीण वैदेही कोलामी भाषेचा अभ्यास करते, तिला सोबत हवी होती आणि माझी सुट्टी उरली होती. निघालो.

नागपूरहून बस घ्या, हायवे झकास आहे. आदिलाबादच्या स्टँडजवळ इडली चापून घ्या. पुढे उटनूरकडच्या जंगलरस्त्यावर चहाचीसुद्धा खात्री नाही. आम्ही जीप ठरवली. ती चालवणारे कवडूभाऊ महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावचे, घरची कापसाची शेती.

"काऊन एवढ्या दूर आल्या तुमी? भाषा शिकाले?" त्यांनी विचारलं.

वैदेहीनं सांगितलं, कोलाम आदिवासींची पोरं शाळेत तेलुगू बोलतात, बाजारात मराठी. घरातली कोलामी आटत चाललीय. तिला कोलामीतल्या मोकळ्या गप्पा रेकॉर्ड करायच्या होत्या. आधीच्या दोन फेऱ्यांत त्या मिळाल्या नव्हत्या.

आम्ही पोचलो त्या कोलाम गावात गप्पिष्ट दोघीच, भीमबाई आणि जंगूबाई. सख्ख्या बहिणी, घरं शेजारी. पण एकीच्या बकरीनं दुसरीचा मका खाल्ला तेव्हापासून अबोला!

"मी तिच्याशी नाही बोलत," जंगूबाईनं बजावलं. "मशीनशी बोलतो."

दोघी रेकॉर्डरसमोर बसल्या, एकमेकींकडे पाठ करून. भीमबाई लहानपणीचं काही सांगू लागली. जंगूबाईनं मध्येच तिची चूक काढली. भीमबाई गर्रकन वळली आणि जुंपली! मला फक्त 'ईर' म्हणजे पाणी एवढं कळत होतं. मग आवाज उतरले. भीमबाई रडायला लागली. जंगूबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. वैदेही श्वास रोखून बसली होती. हेच तर तिला हवं होतं.

तेवढ्यात जंगूबाई म्हणाली, "हे पुसून टाक, माय. हे आमचं हाये."

वैदेहीचा चेहरा पडला. पण तिनं त्यांच्यासमोरच रेकॉर्डिंग पुसलं.

भीमबाईनं ज्वारीचा घट्ट शिजवलेला गटका वाढला. "आता बकरीचं सांगतो," ती म्हणाली, "ते ठेव." दोघी एकमेकींचं वाक्य तोडत, हसून लोळत कोलामीत बोलत राहिल्या. अंधार पडायला लागला तसे कवडूभाऊ हॉर्न वाजवू लागले.

जवळचा कुंतला धबधबा पाहायचा राहिला. तुम्ही मात्र चुकवू नका.

नागपुरात परतल्यापासून वैदेही बकरीची गोष्ट शब्दन्‌शब्द उतरवतेय. पुसलेलं बोलणं तिला बरंचसं समजलं होतं. तिनं ते मला सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.