आजीच्या लग्नाच्या फोटोखालची पाटी

ऊर्मिला फोग्ट, माहेरची दामले, कोलोनच्या एका लहानशा खाजगी संग्रहालयात चित्रांखालच्या पाट्या लिहीत असे. लग्न करून पुण्याहून आली त्याला वीसेक वर्षं झाली होती. कुणाला लागेल असा शब्द पाटीवर येऊ द्यायचा नाही, हा तिचा नियम. २००४ साली, नामिबियावरच्या प्रदर्शनात, तो तिच्या अंगाशी आला.

शहरातल्याच एका नर्सने, फ्राउ बॉयकेस यांनी, आपल्या आजीच्या लग्नाचा फोटो दिला होता. आजी नामिबियातल्या रेहोबोथची, बास्टर समाजातली. हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द मुळात ‘संकरित’, ‘अनौरस’ अशा अर्थाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागात गोरे बाप आणि तिथल्याच खोईखोई जमातीतल्या आया यांच्या वंशजांना तो हिणवून लावत. १८७०च्या सुमारास ही माणसं रेहोबोथला येऊन वसली आणि तेच नाव त्यांनी अभिमानाने लावलं.

ऊर्मिलाने लिहिलं, ‘मिश्रवंशीय कुटुंबातील लग्न’.

फोटो देणाऱ्याला पाटी आधी दाखवायची, अशी तिथली पद्धत. फ्राउ बॉयकेस यांनी ती वाचली.

“हे कोण?”

“तुमच्या आजी.”

“माझी आजी बास्टर होती. माझी भाची स्वतःला नुसती नामिबियन म्हणवते, ते तिचं ती बघेल. आजीच्या समाजाचं नाव लिहा, नाहीतर फोटो परत द्या.”

विभागप्रमुख म्हणाले, भिंतीवर शिवी लावता येणार नाही. पण रेहोबोथचा तेवढा एकच फोटो प्रदर्शनात होता.

रविवारी ऊर्मिलाने पुण्याला बहिणीला फोन केला.

“अगं, पण शिवीच ना ती?” संध्याने विचारलं.

“होती. आता त्यांचं नाव आहे.”

“मग आपल्या शाळेतली ढेकणे आठव. नव्या बाईंना ते आडनाव उच्चारायची लाज वाटली, म्हणून हजेरीला नुसतं ‘सुनंदा’ म्हणाल्या. ही ढिम्म बसून. म्हणे, बाई, आडनाव राहिलं.”

“आणि तू फिदीफिदी हसलीस.”

“तू काय कमी हसलीस?”

सोमवारी ऊर्मिला नवी पाटी घेऊन प्रमुखांकडे गेली: ‘रेहोबोथच्या बास्टर समाजातील लग्न’. खाली शब्दाचा इतिहास, दोन वाक्यांत.

“तक्रार आली तर?”

“मग माझ्याकडे पाठवा.”

इतिहासही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवा, या अटीवर त्यांनी सही केली.

उद्घाटनालाच एका वृद्ध गृहस्थांनी तक्रार केली. ऊर्मिलाने त्यांना फोटोशेजारी उभ्या असलेल्या फ्राउ बॉयकेस यांच्याकडे नेलं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गृहस्थांना काही ते पटलं नाही. फोटो प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवर राहिला.